कापसातली बाळंतीण आणि घरातली बाकी मंडळी: तुमचेही अनुभव लिहा

आर्वी तालुका, वर्धा

आमच्या घरी सध्या अकरा मांजरी, दोन कुत्री, एक गाय, तिची कालवड, सहा बकऱ्या आणि कोंबड्या आहेत. पाहुणा ओसरीत टेकला की पहिला प्रश्न ठरलेला, "इतक्या मांजरी कायले पाळता?"

पाळायला अशी एकही आणली नाही. एका वर्षी भाव नव्हता म्हणून कापूस विकला नव्हता. ओसरीला लागून असलेल्या खोलीत पार कवेलूपर्यंत रचला होता. ऐन थंडीत एक चितकबरी त्या ढिगात शिरली आणि तिनं चार पिल्लं घातली. आठ दिवसांनी कापूस न्यायला गाडी आली, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "बाळंतीण हाये ते, उठवू नका." मग एक कोपरा तसाच ठेवला. पिल्लांचे डोळे उघडले, ती अंगणात हिंडू लागली, तेव्हा कुठे तो कापूस निघाला. केसांनी भरलेला कापूस कोण घेणार? त्याच्या दोन उशा केल्या, त्या अजून आहेत.

पुढचा हिशेब मात्र आम्हाला उशिरा कळला. मांजरीचे दिवस जेमतेम नऊ आठवडे असतात. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. दोन वर्षांत आकडा एकोणीसवर गेला आणि पावसाळ्यात उलट्या-हगवणीच्या साथीत सात पिल्लं आठवडाभरात गेली. एकामागे एक, परसात पुरली. त्यानंतर मी ठरवलं की नसबंदी करायचीच. आमच्याकडच्या डॉक्टरांचा हात गाई-बैलांवर बसलेला, मांजरीचं ऑपरेशन ते करत नव्हते. संत्र्याच्या क्रेटवर दुसरा क्रेट उलटा बांधला, खाली गोणपाट घातलं आणि एसटीनं नागपूर गाठलं. तीन खेपांत पाच माद्यांची नसबंदी झाली. गावात बोलणी खाल्ली, "मुक्या जीवाचं बाळंतपण तोडलं" म्हणून. सात खड्डे मी स्वतः खणले होते, त्यामुळे ते बोलणं मनाला लावून घेतलं नाही.

तुमच्याकडे ही सगळी मंडळी एकत्र कशी नांदतात, ते लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा, त्यातून दुसऱ्याचं जनावर वाचेल.

दारव्हा तालुका, यवतमाळ

चुकलेलं लिहा म्हटलं, म्हणून लिहितो. सोयाबीनची पोती घरात होती, उंदरांनी रात्रभर उच्छाद मांडला होता. मी कणकेच्या गोळ्यांत झिंक फॉस्फाईड कालवलं, वरून गोडं तेल लावलं आणि पोत्यांमागे ठेवलं. आमची मांजर मनी आठ वर्षांची होती. तिनं गोळी चाटली की गोळी खाल्लेला उंदीर खाल्ला, कोण जाणे. पहाटे न्हाणीपाशी पडलेली दिसली, तोंडाला लसणासारखा वास. या विषाचा पोटात गेल्यावर वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. तालुक्याला नेईपर्यंत ती गेली.

आता पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवतो. दाराखालच्या फटीला पत्रा ठोकला. घुशीची बिळं दिसली की बुजवतो. तीन मांजरी आहेत. विष घरात येत नाही. फवारणीचे रिकामे डबेही गोठ्यात ठेवत नाही. आमच्या जिल्ह्यानं २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं जाताना पाहिली आहेत, तिथं मांजरीचा जीव तो किती.

दर्यापूर तालुका, अमरावती (आजी सांगते, नातीनं लिहिलं)

"आमच्या इकडं काळी माती. पाणी पडलं का भेगा बुजते न त्याच्यातलं सारं घरात येते. मी खालतं झोपत होतो, वाकळ टाकून. राती मांजर उशाशी बसून रायली. हुसकली तरी हालेना. नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर, शेपटी फुगवून. पोराले हाक मारली. बॅटरी मारली त मण्यार! काळी कुळकुळीत, पांढरे पट्टे."

आजी तेव्हापासून बाजेवर झोपते, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, झोपेतच माणूस जातो. आजी मांजरीला देवासारखं मानते, पण मी एवढं सांगीन की मांजर आहे म्हणून जमिनीवर झोपू नका. तीच मांजर पुढच्या वर्षी धुऱ्यावर मेलेली सापडली, पंजा सुजलेला होता. आजी दोन दिवस जेवली नाही.

काटोल तालुका, नागपूर

आमचं थोडक्यात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की कुत्रा न मांजर यांचं वैर संपते. कूलरखालच्या ओल्या फरशीवर दोघं पाठीला पाठ लावून पडतात. पाऊस लागला की पुन्हा पाठशिवणी सुरू. पाण्याची मातीची कुंडी मात्र दोन ठिकाणी ठेवा, कुत्र्याच्या कुंडीवर आमची मांजर जात नाही.

अकोला जिल्हा

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. वर्षाकाठी एकच चूक इतक्या घरांत पाहतो की पोटतिडकीनं लिहितो आहे. गाईच्या गोचिडावर जे औषध पाण्यात मिसळून लावतात, ते उरलं की लोक मांजरीलाही पुसतात. कुत्र्याच्या पिसवांचं औषधही लावतात. त्यातल्या परमेथ्रिनसारख्या औषधानं मांजर थरथरते, झटके येतात आणि मरते. गाईचं यकृत ते पचवतं, मांजरीचं नाही. दुसरं, ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देऊ नका, तेवढाही तिला जीवघेणा ठरतो. म्हशीचं घट्ट दूध मोठ्या मांजरीला बऱ्याचदा सोसत नाही, हगवण लागते. भाकरीसोबत थोडी मासळी किंवा अंडं बरं.

आणि मांजरीनं चावलं किंवा खोल ओरबाडलं, तर हळद-चुना नको. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. रेबीज फक्त कुत्र्याचा असतो, ही समजूत गावोगाव आहे.

सिंदेवाही तालुका, चंद्रपूर

आमचं गाव जंगलाला लागून. सांज झाली की कुत्र्याला आत घेतो, कोंबड्या डालग्याखाली. अंगणात बांधलेली दोन कुत्री बिबट्यानं नेली, साखळी तेवढी राहिली.

धान कापताना बांधीत तीन पिल्लं सापडली. पोट्टे उचलून घरी घेऊन आले, "मांजरीचीच हायेत" म्हणत. माझ्या मांजरीनं फिस्कारून पाठ फिरवली. अंग मातकट, पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाला काळी वेढी, कानावर काळे केस. रानमांजर. ते पाळायचं नसतं, कायद्यानं गुन्हाही आहे. वनरक्षकाला फोन केला. त्यानं सांगितलं, जिथं होती तिथंच टोपल्यात ठेवा आणि लांब राहा. त्या बाजूची कापणी दोन दिवस थांबवली. पहाटे पाहिलं तर टोपलं रिकामं. चिखलात पावलं फक्त आईची. त्या दिवशी मुलगी शाळेतून आली तशी आधी बांधीवर धावली.

मेहकर तालुका, बुलढाणा

आमच्याकडे एकच मांजर होती, बाकी सगळी ढोरं. तिची बसायची जागा म्हणजे सर्ज्या बैलाची पाठ. थंडीत तिथंच झोपायची, तो बसला तरी आणि उभा राहिला तरी. माशा हाकलताना त्याची शेपटी तिच्या अंगावरून जायची, ती हलत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दर वर्षी मी चोळत असताना ही गव्हाणीवरून उडी मारून येई आणि दुसऱ्या खांद्यावरचं लोणी चाटे. बाबा म्हणत, चाटू दे, तिचंही आवतन त्यातच.

२०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा रोग आला. लस मिळाली, पण आमच्या गोठ्यात उशिरा. सर्ज्याच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, तो चारा घेईना. जखमांवर कडुलिंबाचं पाणी मारत होतो. मांजरीला दूर ठेवायला सांगितलं नव्हतं कुणी, तिला हा रोग होत नाही. पण पाठीवर जखमा झाल्या, तेव्हापासून ती पाठीवर गेली नाही. त्याच्या तोंडाशी चाऱ्याच्या कुटारात बसून राहायची. तो अकराव्या दिवशी गेला. जेसीबीनं वावरात खड्डा केला, मीठ-चुना टाकला.

पुढच्या वर्षी गोठ्यात नवा बैल होता. खांदशेकणीला मी लोण्याची वाटी घेऊन गेलो. मांजर आली, गव्हाणीवर बसली, खाली उतरली नाही. मी एक बोट लोणी कडेला लावून ठेवलं. सकाळी ते नव्हतं.