सांगोड : बांधणाऱ्यांचे आणि पाहणाऱ्यांचे अनुभव

दरवर्षी २९ जूनला, संत पेद्रू आणि संत पावलू यांच्या फेस्ताच्या (सणाच्या) दिवशी, गोव्यातील काही मच्छीमार वाड्यांवर दोन होड्या जोडून बांधलेला तरंगता मंच, म्हणजे सांगोड, निघतो. पेद्रू स्वतः मासेमार असल्यामुळे तो दर्यावर्दी लोकांचा राखणदार मानला जातो. ज्यांनी सांगोड बांधला, वल्हवला किंवा काठावरून पाहिला, त्यांनी सविस्तर लिहावे. छायाचित्रे पुष्कळ आहेत. बांधणीचे वर्णन मात्र फार कमी सापडते. आलेले तीन अनुभव खाली दिले आहेत.

कांदोळीहून

आमचे घर हिंदू असले तरी सांगोडाच्या आदल्या दिवशी थोरले काका शेजाऱ्यांकडे हमखास असत, कारण गाठी त्यांच्याच हातच्या लागत. दोन्ही होड्या शेजारी-शेजारी आणून त्यांवर आडवे वासे टाकायचे, वर फळ्या अंथरायच्या आणि मग झावळ्यांची कमान व कपेलाची (छोट्या चर्चची) प्रतिकृती उभारायची, असा क्रम असे. पाहुण्यांचे लक्ष कमानीकडे, काकांचे मात्र वाशांच्या टोकांकडे. दोर फार आवळला तर लाटेवर दोन्ही होड्या एकमेकींशी भांडतात आणि लाकूड करकरू लागते, सैल सोडला तर फळ्यांत फट पडून नाचणाऱ्याचा पाय अडकतो. पाऊस कोसळत असल्यामुळे वर मांडो-दुलपद ही कोकणी गाणी रंगात आली तरी खाली दोघेजण डबे घेऊन पाणी उपसत बसलेले असत. त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून कधी पुकारले गेल्याचे मला आठवत नाही.

पेडण्याहून

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याची रीत आमच्याकडे आहे, त्यामुळे सांगोड मला परका वाटला नाही. फरक एवढाच की नारळ वाहिल्यावर होड्या समुद्रात जातात आणि सांगोड निघतो तेव्हा समुद्र बंद असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि खवळलेल्या पाण्यात रापणही (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) टाकता येत नाही. म्हणून हा सोहळा नदी-ओहोळाच्या पाण्यात होतो आणि सगळा वाडा त्यासाठी मोकळा असतो.

बार्देशातून, होड्या दुरुस्त करणाऱ्या घरातून

रापणीची जुनी होडी खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याने शिवलेली असे. फळ्यांच्या कडांना भोके पाडून दोरी ओवायची, भोके बुजवायची आणि लाकडाला तेल पाजायचे, हे काम वडिलांनी केले, मी केवळ पाहिले. आता सांगोडाखाली बहुधा फायबरच्याच होड्या असतात. त्या हलक्या असतात व गळत नाहीत, त्यामुळे तक्रार करणे अवघड आहे. मात्र शिवणीच्या पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले, तेव्हा ज्या विद्येचे कौतुक झाले ती आमच्या किनाऱ्यावर अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या कामाची होती. सांगोडाच्या आयोजकांनी निदान एक शिवलेली होडी दुरुस्त करून त्यात वापरावी, असे मी आमच्या वाड्यावर सुचवले आहे. काथ्या मिळेल, शिवणारा हात मिळेल का हे विचारून पाहावे लागेल.