‘निर्घृण’ आणि ‘वैषम्य’: देवावरच्या आक्षेपाचे दोन शब्द

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी वर्तमानपत्र वाचताना भाचीने विचारले, “मावशी, घृणा म्हणजे किळस ना? मग निर्घृण माणूस चांगला असायला हवा. ‘निर्घृण हत्या’ कशी?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर व्याकरणापाशी थांबत नाही.

संस्कृतात ‘घृण’ म्हणजे ऊन, ऊब. त्यावरून दुसऱ्याविषयी मनात असलेली ऊब, म्हणजे दया, ती घृणा. आणि ती ज्याच्यापाशी नाही तो निर्घृण. तिरस्कार हा अर्थही संस्कृतातच आलेला आहे. मराठीत सुट्या ‘घृणे’ला तोच उरला, ‘निर्घृण’मध्ये मात्र जुनी दया टिकली.

वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) हा शब्द थेट ईश्वराच्या संदर्भात येतो: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. कोणाला सुख आणि कोणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती ठरतो, शिवाय निर्दयही ठरतो, असा हा दुहेरी आक्षेप; ईश्वर ज्याचे त्याचे कर्म पाहूनच फळ देतो, म्हणून तो लागू होत नाही, हे सूत्राचे उत्तर. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सर्वांना सारखाच, पण भात उगवणार की जव हे बियाण्यावर ठरते, तसे फळ ज्याच्या त्याच्या कर्मावर. तर्क म्हणून हे उत्तर घट्ट आहे, परंतु दुःख भोगणाऱ्यालाच त्याच्या दुःखाचा जाब विचारण्यासाठी ते फार सहज वापरले गेले, हे मला नजरेआड करता येत नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ साली मान्यता दिली, तरी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. गरोदर विधवेकडे पाहून गावाला आजच्या अर्थाने घृणा वाटत होती. त्या दोघांना ती जुन्या अर्थाने वाटली. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे यायला समाजाला पिढ्या लागतात. देवाची घृणा माणसांच्याच हातून पोचत असेल, तर ती इतक्या उशिरा का पोचते हे मला समजते. ज्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही त्यांचे काय, हे समजत नाही, आणि मी श्रद्धाळू असूनही ते समजल्याचे भासवणार नाही.

राहिला ‘वैषम्य’. सूत्रात त्याचा अर्थ असमान वागणूक; मराठीत मात्र ‘वैषम्य वाटणे’ म्हणजे ती वागणूक मनाला लागणे. कर्त्याचा दोष सांगणारा शब्द आपल्याकडे सोसणाऱ्याच्या मनात येऊन राहिला. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा भेटायला येणारे ‘देवाची मर्जी’ म्हणत. आई एवढेच म्हणाली, “त्याने असं करावं, याचं मला वैषम्य वाटतं.” देव निर्घृण आहे असे ती म्हणाली नाही. आपल्या माणसाने दुजाभाव केला की ज्या सुरात बोलतात, त्या सुरात ती बोलत होती.