आधी वजन की आधी शस्त्रक्रिया?

‘पोटाची चरबी काढायचीच आहे, तर आधी वजन उतरवण्याचा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न पडतो. पण लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया) हा वजन घटवण्याचा उपाय नव्हे. एका वेळी चरबी आणि द्रव मिळून साधारण ५ लिटरपेक्षा अधिक काढणे जोखमीचे मानले जाते, आणि आतड्यांभोवतीची चरबी तर त्या नळीच्या आवाक्यातच नसते. शिवाय पोटाची सैल त्वचा शस्त्रक्रियेने कापून शिवल्यानंतर दहा-बारा किलो उतरले, तर पोट पुन्हा लोंबते. म्हणूनच बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) शक्यतो ३० च्या खाली आणि वजन काही महिने स्थिर असावे, असा आग्रह बहुतेक सर्जन धरतात.

माझ्या वहिनींनी नागपूरच्या फुटाळा तलावाला रोज फेऱ्या मारून आणि रविवारचा तर्री-पोहा सोडून (नागपूरकराला हे किती जड जाते, ते सांगायला नको) १४ किलो उतरवले. मात्र शेवटचे काही किलो केवळ उपासाने घटवले होते. प्रथिने कमी पडली तर जखम भरायला वेळ लागतो, हे सर्जनने रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवून बजावले, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली. तुम्ही तारीख मे महिन्यात मात्र घेऊ नका, कारण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियेनंतरचा पोटावरचा घट्ट पट्टा कित्येक आठवडे दिवसरात्र बांधून ठेवावा लागतो.