मदत हवी आहे : कॅम्पिंगसाठी सोलर चार्ज कंट्रोलर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. मसाई पठार, गगनबावड्याकडे मुक्कामाला जाताना न्यायला छोटा सोलर सेटअप जुळवतोय. १०० वॅटचं पॅनल (चालू व्होल्टेज साधारण १८, ओपन सर्किट म्हणजे काही न जोडता २२) आणि १२.८ व्होल्ट, ५० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली आहे. त्यावर दिवे, मोबाईल, कॅमेरा आणि एक छोटा पंखा चालवायचाय.

अडलंय कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यावर. पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार स्वस्त, पण तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो; म्हणजे पॅनलचे साडेपाच अँपिअर गुणिले बॅटरीचे १३ व्होल्ट, जेमतेम ७२ वॅट. आपल्याकडे डोंगरावर ढग कधी येतील सांगता येत नाही, मिळेल त्या उन्हातून जास्तीत जास्त वीज हवी, त्यामुळे एमपीपीटीकडेच (पॅनलला त्याच्या सर्वाधिक वॅटच्या व्होल्टेजवर चालवून ते बॅटरीजोगं करणारा प्रकार) माझा कल आहे. पुढे दुसरं पॅनल सिरीजमध्ये जोडलं तर ४४ व्होल्ट होतील, म्हणून व्हिक्ट्रॉन कंपनीचा ७५/१५ (पॅनलचे ७५ व्होल्टपर्यंत, चार्जिंग १५ अँपिअरपर्यंत) बघतोय. पण किंमत बघून हात आखडतो.

शाहूपुरीत एका दुकानात स्वस्तातला दाखवला. वर एमपीपीटी छापलंय, पण हातात घेतला तर अगदीच हलका. आत व्होल्टेज बदलायला लागणारी कॉइल तरी असेल का, शंकाच आहे. लिथियमचं सेटिंगही दिसलं नाही, मला १४.४ व्होल्टला चार्जिंग थांबवणारा आणि इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) बंद करता येणारा हवाय.

कुणी मधल्या किमतीचा, खरा एमपीपीटी स्वतः वापरलाय का? आणि पॅनल, बॅटरी यातलं आधी काय जोडायचं? बॅटरी आधी, असं वाचलंय. जाणकारांनी कृपया सांगा.