मोबाईल होम: घर माझं, तर लॉट रेंट कसलं?

तिखटमीठ: मोबाईल होम (कारखान्यात बनवून आणलेलं घर) बघितलं, 2 बेडरूम, किंमत आवाक्यात. वर महिना 1,450 डॉलर लॉट रेंट! घर मी विकत घेणार, मग भाडं कसलं? घासाघीस करता येते का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, प्लीज लवकर सांगा.

हिशेबी: राज्य? शहर? पाणी-कचरा त्यात धरलाय का? कर्ज काढताय की रोख?

तिखटमीठ: कॅलिफोर्निया. पाण्याचं विचारते. भाडं कसलं ते सांगा ना.

हिशेबी: घराखालच्या जागेचं. जमीन पार्कवाल्याची, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या मालकाची.

कोपरगावकर: त्यात काय एवढं? नवी मुंबईत आमची जमीनही सिडकोची, 60 वर्षांच्या लीजवर. मजेत आहोत.

हिशेबी: सिडको दरमहा 1,450 डॉलर घेते का हो?

सह्यभ्रमर: भानगडीत पडू नका, कॉन्डो (फ्लॅट) घ्या. एचओए, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, भरला तरी जमिनीत हिस्सा असतो.

जुनाजाणता: त्यांनी कॉन्डोचं विचारलंय का? सॅन होजेला पार्कमध्ये 9 वर्षं काढली, म्हणून सांगतो. घर नावालाच मोबाईल. हलवायचं तर हजारो डॉलर, आणि जुनं घर दुसरा पार्क सहसा घेतच नाही. म्हणून भाडं वाढलं तरी माणूस मुकाट भरतो. सॅन होजेत वर्षाची वाढ महागाईच्या 75 टक्के, पण 3 ते 7 टक्क्यांच्या आतच. प्रत्येक शहरात असा नियम नाही. 90 दिवस आधी लेखी नोटीस मात्र राज्यभर लागते.

सह्यभ्रमर: म्हणजे माझंच खरं ठरलं.

जुनाजाणता: नाही ठरलं. तिखटमीठ, 1,450 हे विकणाऱ्याचं भाडं असेल. पार्कच्या ऑफिसातून रहिवासाचा अर्ज मागा. 2 कामकाजाच्या दिवसांत तुमचं भाडं किती, ते लेखी द्यावंच लागतं. शिवाय अर्ज मंजूर करायला त्यांना 15 कामकाजाचे दिवस असतात. शुक्रवारची घाई एजंटची.

कोपरगावकर: याला चाकं असतात का?

हिशेबी: आणताना असतात, बसवल्यावर बहुतेकदा काढतात. कर्जाचं राहिलंच. जमीन नावावर नसली की बहुतेकदा चॅटल लोन मिळतं, म्हणजे घर जंगम वस्तू धरून दिलेलं कर्ज. व्याज जास्त, मुदत कमी.

तिखटमीठ: कागद मिळाला. मला 1,720! पाणी-कचरा वेगळा. एजंट म्हणतो सगळीकडे असंच असतं. घेऊ का नको?

हिशेबी: शहर सांगाल का आता?