मदत हवी आहे: ॲपची वर्गणी, 1915 (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) की ग्राहक आयोग?

आई म्हापशाला असते. तिच्या फोनवर एका ॲपने 'सात दिवस फुकट' म्हणत यूपीआय ऑटोपे चालू करून घेतला. दोनदा 299 रुपये कापले. 'चालू ठेवा' बटण ठळक हिरवं, 'रद्द करा' फिकट राखाडी, चौथ्या स्क्रीनच्या तळाशी. चष्मा लावूनही तिला दिसलं नाही, आणि यात तिची काहीच चूक नाही. ऑटोपे आता रद्द केलाय. कंपनीला दोन ईमेल केले, उत्तर नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग जपून ठेवलंय.

नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत 13 डार्क पॅटर्नवर (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीन-रचनांवर) बंदी आहे, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'ही (वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं) येतो. गेलेले पैसे परत मिळायला 1915 वरची तक्रार पुरते, की उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावं लागतं?