स्पिट्झला उन्हाळ्यात मशीन मारावी का?

इंडियन स्पिट्झ या दाट केसांच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात मशीनने सरसकट काढावेत का? नको. केसांचे थर दोन: वर राठ केस, आत लोकर. मुळापासून कापले की लोकर आधी वाढते, राठ केस मागे पडतात. काहींच्या अंगावर कित्येक महिने ठिगळं राहतात. शिवाय कातडी उन्हाने भाजते. पंजांखालचे आणि शेपटीखालचे केस मात्र खुशाल कापा.

उकाडा कमी होतो तो मेलेली लोकर काढल्यावर. आठवड्यातून तीनदा, केसगळतीत रोज विंचरा. थोडं पाणी फवारायचं, केस एका हाताने वर धरायचे, खालून एकेक भांग पाडत स्लिकर ब्रश (बारीक, वाकलेल्या तारांचा) चालवायचा, मग स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत घालून बघायचा. ब्रश नुसता वरवर फिरवला तर वरून झकास आणि आत नमदा, म्हणजे केसांचा घट्ट गुंता! कानांमागे, काखेत, मांड्यांमागे गाठी हमखास. त्या आंघोळीआधीच सोडवा. भिजल्या की आवळतात. आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, पण केस मुळापर्यंत वाळलेच पाहिजेत. पावसाळ्यात ओलसर लोकरीखाली चिघळणारे चट्टे येतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

लहान चणीच्या, ५-७ किलोच्या स्पिट्झला गळपट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घाला. गळा ओढला गेला की श्वासनलिका दबून खोकत राहतात.